राहिलेला तोंडी पेपर

६ सप्टेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे बाबा आणि मी. पत्ता मावशीकडून घेतला. तिने तीनदा विचारलं, "नक्की टाकणार ना पत्र? की पत्ता नुसता खिशात घेऊन हिंडणार?" तिचंही चुकलं नाही. पत्ता घेऊन आज सोळा दिवस झाले.

तुझ्याकडे काही मागायचं नाही. एक गोष्ट फक्त सांगायची आहे. कॉलेजच्या संज्ञापन विभागाकडून पत्र आलंय. मी प्रवेश घेतला तेव्हा तू म्हणाली होतीस, "ज्या विषयाचं नाव उच्चारतानाच दम लागतो, तो विषय घेणारा तू जगात एकटा." आणि हसत हसत फॉर्म तूच भरला होतास. तर आता जुना अभ्यासक्रम बंद होतोय. ज्यांची पदवी अर्धवट राहिली आहे, त्यांनी येत्या मेपर्यंत राहिलेलं पुरं करायचं, नाहीतर आधीचे सगळे श्रेयांक रद्द. माझ्या नावापुढे तीन गोष्टी लिहून आल्यात. एखाद्या सार्वजनिक कार्यालयात एकशेवीस तासांचं प्रत्यक्ष काम, वीस पानांचा प्रकल्प आणि भाषणकौशल्याचा तोंडी पेपर. सात मिनिटं उभं राहून बोलायचं, समोर परीक्षक आणि वर्ग.

पहिल्या दोन गोष्टी वाचून मला वाटलं, जमेल. तिसरी वाचली आणि पत्र घडी करून ठेवून दिलं.

मी अजून छापखान्यातच आहे, मुद्रितं तपासतो. औषधांच्या खोक्यात बारीक अक्षरातला कागद असतो ना, तो बहुतेक माझ्या नजरेखालून गेलेला असतो. 'जेवणानंतर' आणि 'जेवणाअगोदर' यांत गल्लत होऊ द्यायची नाही, एवढीच माझ्यावर जबाबदारी. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. तुझ्यानंतर असंच काम मला झेपण्यासारखं होतं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझा धाकटा

२९ सप्टेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, मधे एकच ओळ: "फॉर्मची शेवटची तारीख चुकवू नकोस."

खरं सांगतो, मी चुकवणारच होतो. कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. छापखान्यातून अर्धी रजा काढून धावत गेलो. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "नाव?" आणि माझं नेहमीचं सुरू झालं. त्याने दोन-चार नावं सुचवून पाहिली. एकही माझं नव्हतं. शेवटी मी फॉर्मवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "मग आधीच दाखवायचं ना, राव!"

लोकांचं हे असंच असतं, ताई. माझा शब्द अडला की ते आपल्याजवळचा एक शब्द पुढे करतात. वाईट हेतू नसतो. रस्ता ओलांडताना आंधळ्याचा हात धरावा, तसं. पण कधीकधी ते भलत्याच बाजूला नेऊन सोडतात. तू कधी शब्द पुढे केला नाहीस. तू सरळ माझ्या वतीने बोलायचीस, वाण्याकडे, शाळेत, बाबांसमोरसुद्धा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा आणि तू बारा. त्या दिवसापासून माझ्या तोंडाचं काम तूच करत आलीस.

बाबा तुझी वाट पाहत नाहीत, असं ते दाखवतात. ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी बंद केलं, गुडघे साथ देत नाहीत. पण बसमध्ये बसले तरी उजवा पाय फरशीवर दाबत असतात, ब्रेक समजून. परवा शेजारीण म्हणाली, "काका, ड्रायव्हरला त्याचं काम करू द्या." तर म्हणाले, "मी कुठे काय बोललो?"

त्या शेवटच्या वर्षी मी परीक्षा का सोडली, हे तू कधी विचारलं नाहीस. विचारायला तू इथे नव्हतीस. तू बॅग घेऊन गेलीस त्यानंतर नऊ दिवसांनी माझा तोंडी पेपर होता. कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. जिथे बोलायला हवं होतं तिथे मला बोलता आलं नाही. मग मार्कांसाठी काय बोलायचं?

आज एवढंच.

धाकटा

१५ नोव्हेंबर

ताई,

माझ्या एकशेवीस तासांसाठी विभागाने मला कुठे पाठवलं असेल? पाणीपुरवठा कार्यालयात. तक्रार खिडकीवर! बातमी ऐकून बाबा म्हणाले, "याला आणि तिथे? लोक खिडकी फोडतील." मलाही तेच वाटत होतं.

रोज सकाळी आठ ते दहा बसतो, मग छापखाना. खिडकी म्हणजे लोखंडी जाळी, खाली अर्धगोल भोक. आत एक टेबल, तक्रारींची वही, दोरीने बांधलेलं पेन. शेजारच्या टेबलावर हेडक्लार्क बाई. आवाज असा की बाहेर रांगेतला माणूस आपोआप सरळ उभा राहतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पोहायला येतं?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मग बुडाल. इथे पाण्यापेक्षा शिव्या जास्त येतात."

दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आले. चार दिवस नळाला पाणी नाही, बादली सोबतच आणली होती, पुरावा म्हणून. ती जाळीवर आपटली आणि सुरू झाले. कार्यालय, कर्मचारी, फिटर, फिटरचे पूर्वज, कुणालाही सोडलं नाही. श्वास घ्यायला थांबले तेव्हा मला विचारायचं होतं, "तुमच्या मजल्यावर सगळ्यांकडेच बंद आहे का?" पण 'तुमच्या'तला 'तु' निघेना. तोंड उघडं, मान ताणलेली, डोळे मिटलेले. तुला माहीत आहे कसा दिसतो मी. डोळे उघडले तर गृहस्थ बादली खाली ठेवून उभे होते. म्हणाले, "सावकाश. मला घाई नाही." ताई, चार दिवस पाणी नसलेला माणूस मला म्हणाला, घाई नाही!

तेव्हापासून हे रोज घडतंय. माझं वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याचा राग निवतो. मग तो नीट सांगायला लागतो, मी नीट लिहून घेतो. फिटरला पत्ता बरोबर मिळतो आणि पाणी येतं. परवा हेडक्लार्क बाई म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी ओरडून ओरडून लोकांना गप्प केलं. तुम्ही न बोलता करताय. गंडा बांधावा का तुमचा?" मी हसलो. मग त्या हळूच म्हणाल्या, "एक करा. मी मधे बोलले तर मला थांबवा. सवय वाईट आहे माझी."

प्रकल्पही याच खिडकीवर लिहितोय. शीर्षक ठरलंय: 'तक्रारदार आणि थांबणे'. विभागात भाषणकौशल्य शिकवणाऱ्या मॅडमना आवडलं. त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान आहेत, पण मला 'तुम्ही तयारीला लागा हं' असं दटावतात.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. "स्वेटर घालत जा, सकाळी फार गार असतं आता." मायना अजून नाही, पण ओळ थोडी लांब झाली आहे.

तुझा धाकटा

१० जानेवारी

ताई,

हे पत्र चार वेळा फाडलं आहे. हे पाचवं. तू बसून वाच.

डिसेंबरच्या शेवटी मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, "तुमचे वडील येऊन गेले." मला कळेना. बाबा माझ्या नकळत विभागात गेले होते. माझ्या मुलाला बोलण्याचा त्रास आहे, त्याला चारचौघांत उभं करू नका, डॉक्टरचा दाखला आणतो, तोंडी पेपर माफ करा. तसा नियमही निघाला. दाखला जोडला की भाषणाऐवजी लेखी निबंध चालतो. मॅडमनी अर्ज माझ्यासमोर ठेवला. "निर्णय तुमचा. निबंध लिहिलात तरी पदवी तीच, कमी-जास्त काही नाही."

तो अर्ज मी जागच्या जागी परत केला, असं तुला लिहायचं होतं. फाडलेल्या चार पत्रांत तसंच लिहिलं होतं. पण चार दिवस तो माझ्या बॅगेत होता. मी डॉक्टरची वेळही घेतली होती.

पाचव्या दिवशी सकाळी बाबा चहा गाळत होते. म्हणाले, "दाखला आणलास का? मी येतो सोबत, डॉक्टरांशी मी बोलतो." मी म्हटलं, "नको." एवढा एक शब्द सरळ आला. ते म्हणाले, "अरे, तुझ्याच भल्यासाठी. तुला त्रास होतो ते मला बघवत नाही." मी म्हटलं, "तुम्ही बसा. मला ए-एक सांगायचंय आणि मधे बो-बोलायचं नाही."

ते बसले. आणि मग, ताई, दहा वर्षांपूर्वी त्याच स्वयंपाकघरात जे व्हायला हवं होतं ते झालं.

तुला तो दिवस आठवतो, मला ठाऊक आहे. पण माझ्या बाजूने तो कसा होता ते तुला मी कधीच सांगितलं नाही. तू भावोजींचं घर सोडून आली होतीस. बाबा म्हणत होते, संसारात भांड्याला भांडं लागतंच, परत जा. तू म्हणालीस, "हा महिनाभर माझ्याकडे राहून आलाय. याने डोळ्यांनी पाहिलंय. याला विचारा." बाबा माझ्याकडे वळले. "काय पाहिलंस? सांग."

मला म्हणायचं होतं, मारतात. भावोजी ताईला मारतात. मी सुरुवात केली, "मा… मा…" आणि बाबांनी शब्द पुढे केला. "माहीत नाही, असंच ना?"

आतापर्यंत मी स्वतःला सांगत आलो की मला बोलता आलं नाही. तुलाही सप्टेंबरमध्ये तेच लिहिलं. ते अर्धं खरं आहे. बाबांनी विचारलं, "असंच ना?" आणि मी मान हलवली. होकाराची. शब्द अडला की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, ताई. कुणी काहीही शब्द दिला तरी तो दगड उतरतो. मी दगड उतरवला, तुझ्या अंगावर. तू माझ्याकडे पाहिलंस, बॅग उचललीस आणि गेलीस.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. चहा गार झाला. किती वेळ लागला माहीत नाही. ते एकदाही मधे बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मला वाटलं होतं, तू माझ्या बाजूचा आहेस." मी म्हटलं, "मी कुणाच्याच बाजूने नव्हतो. म्ह-म्हणून तर."

ते उठून गच्चीवर गेले. दुपारी खाली आले आणि तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. म्हटलं, आधी तिला विचारतो.

पेपर मी तोंडीच देणार आहे. विषय आपण निवडायचा असतो. हा दिवस सांगावा असं मनात आहे. नाव नाही, गाव नाही, फक्त एक भाऊ आणि एक बहीण. पण गोष्ट तुझी आहे. तू नाही म्हणालीस तर मी पाणीपुरवठ्यावर बोलेन.

धाकटा

१६ फेब्रुवारी

ताई,

पाच आठवडे झाले. मी उत्तर मागत नाही. बाबा रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकापाशी जातात आणि हात हलवत परत येतात. मी विचारलं तर म्हणतात, "पाय मोकळे करत होतो."

प्रकल्प दिला. एकशेवीस तास संपले, पण हेडक्लार्क बाईंनी मला सोडलं नाही. म्हणाल्या, "शनिवारी येत जा, लोक विचारतात." परीक्षेची तारीख लागली आहे, अकरा एप्रिल.

तू रागावली असशील तर ते बरोबर आहे. ते लिहून कळवलंस तरी मला चालेल.

धाकटा

१७ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. सहा पानं! आणि पहिल्यांदाच वर मायना. बाबांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसले, दार उघडं ठेवून.

तू लिहिलंस, "शब्द मला तेव्हाच कळला होता. तुझं 'मा' मी लहानपणापासून ऐकत आलेय, मला पुढचं ऐकावं लागत नाही. म्हणून तर ती मान लागली. शब्द तुझा अडला होता, पण मान तुझीच होती." हे वाक्य मी दिवसातून दोनदा वाचतो. तुला वाटेल तसं औषधासारखं नाही; प्रत्येक वेळी ते टोचतं. पण ते कमी करून मागणार नाही. तू माफ केलंस असं कुठे लिहिलं नाहीस. मी शोधतही नाही.

बाकीची पानं मात्र मी बाबांना वाचून दाखवली. सलग वाचताना माझं तेवढं अडत नाही. रुग्णालयाच्या शिवणखोलीत तुझ्या हाताखाली आता सात जणी आहेत, हे ऐकून ते म्हणाले, "सात?" फाटलेल्या चादरींचे तुम्ही लहान मुलांसाठी अंगरखे करता, ते त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. सुटका व्हायला तुला अडीच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आणि तिथे तुझ्या बाजूने बोलायला एकही माणूस नव्हता, त्या ओळीपाशी येऊन मी थांबलो. बाबा म्हणाले, "वाच. गाळू नकोस."

गोष्ट सांगायला तू परवानगी दिलीस. "पण रडगाणं गाऊ नकोस आणि मला बिचारी करू नकोस, नाहीतर तिथे येऊन कान उपटीन." लक्षात ठेवतो.

बाबा विचारतात, पेपरला आलो तर चालेल का? मागे बसता येतं, वर्ग खुला असतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुझा धाकटा

१३ एप्रिल

प्रिय ताई,

झाला पेपर. क्रमाने सांगतो, नाहीतर तू ओरडशील.

वर्गात चाळीसेक मुलं, माझ्या निम्म्या वयाची वाटावीत अशी. समोर मॅडम आणि बाहेरचे दोन परीक्षक. बाबा शेवटच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून. शेवटी मीच त्यांना म्हटलं होतं, या. माझ्या आधीच्या मुलीने पर्यावरणावर सहा मिनिटं पन्नास सेकंद असं भाषण केलं की कुठे स्वल्पविरामही अडला नाही. मग माझं नाव पुकारलं.

पहिला शब्दच 'माझी' होता. माझी बहीण. मी तो बदलून 'एक मुलगी' करू शकलो असतो, तशा पळवाटा मला शंभर येतात. नाही बदलला. 'मा'वर उभा राहिलो. एक पोरगं हसलं, मग गप्प झालं. खिडकीवर रोज असंच होतं, त्यामुळे मला ती शांतता ओळखीची होती. लोक थांबतात, ताई. आपण पळालो नाही तर लोक थांबतात.

मग बोललो. तू वाण्याशी माझ्या वतीने कशी भांडायचीस ते सांगितलं, त्यावर वर्ग हसला. महिनाभर तुझ्याकडे राहिलो ते सांगितलं. मोरीच्या दारामागे तू हातावर गार पाणी ओतत बसायचीस आणि मला पाहिलं की "पोळलं रे" म्हणायचीस, तेही सांगितलं. मग स्वयंपाकघर, बाबांचा प्रश्न. आणि "भावोजी ताईला" इथपर्यंत येऊन त्या शब्दापाशी पुन्हा अडलो. किती वेळ, कोण जाणे. घामाने कॉलर भिजली. नजर मागच्या बाकावर गेली. बाबांचे ओठ हलू लागले होते. सवय, दुसरं काय. आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, घट्ट, दोन्ही हात. डोळे माझ्यावर.

मग शब्द आला. "मारतात." एवढा मोठ्याने की पहिल्या बाकावरची मुलगी दचकली. त्यानंतर मान हलवल्याचंही सांगितलं. ते सांगताना एकदाही अडलो नाही, का ते मला समजत नाही.

खाली बसलो तेव्हा टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. बाहेरच्या परीक्षकांपैकी एकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वेळ सात मिनिटांची होती. तुम्हाला एकोणीस लागली." मी म्हटलं, "हो." मॅडम खाली पाहून काहीतरी लिहीत राहिल्या.

निकाल आज लावला. शंभरपैकी त्रेचाळीस, चाळीसला पास. ओघवतेपणाला वीसपैकी तीन आणि वेळेच्या बंधनाला सरळ शून्य. तरी पास. पदवीचा कागद जूनमध्ये मिळेल. हेडक्लार्क बाईंनी सांगून ठेवलंय, त्याची एक प्रत खिडकीत लावायची, म्हणजे लोक आणखी जपून वागतील.

परीक्षेहून घरी येताना बाबा गुडघ्यामुळे हळू चालत होते. कोपऱ्यावरच्या सिग्नलपाशी थांबले. हिरवा झाला तरी निघेनात. म्हणाले, "एकोणीस मिनिटं. आणि मी तेव्हा अर्धं मिनिटसुद्धा थांबलो नाही रे." मी त्यांचा हात धरला आणि पुढच्या हिरव्यापर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो. मग म्हणाले, "तिला सांगायचंय मला. पण ती ऐकेल का?" मी म्हटलं, ते तिलाच विचारायला हवं.

तर विचारतो. पत्राच्या शेवटी तू तुझा फोन नंबर लिहिलास, "असू दे तुझ्याकडे" म्हणून. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी फोन करणार आहे. बाबा शेजारी बसलेले असतील, पण त्यांना बजावलंय, आधी मी बोलणार. तुला त्यांच्याशी बोलायचं नसेल तर तसं मला सांग, मी त्यांना सांगेन. तेवढं आता मला येतं.

आणि एक. फोन वाजला, तू उचललास आणि पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, तर ठेवू नकोस. मीच असेन.

तुझा धाकटा